चिसोमो समाधानी आहे

हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक सूचनाफलकावर लागलं, की माझा घसा बसतो. डॉक्टर म्हणतात, सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीकडून उडणाऱ्या कापसाच्या तुसाची अ‍ॅलर्जी आहे. असेलही. बडनेरा रस्त्यावरून येताना ओढणीवर आणि पापण्यांवर पांढरे तंतू बसतात, हे खरंच आहे. पण उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत काय धूळ कमी असते? तेव्हा माझा घसा ठणठणीत असतो. मला येतो तो राग, आणि तो दरवर्षी नेमका याच दिवसांत वर येतो, हे मी डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

तसे हे दिवस फार सुंदर असतात. अमरावतीला थंडी पडायला लागलेली असते. इतवारा बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात, आणि संत्रं सोलणाऱ्या माणसाच्या शेजारून नुसतं चालत गेलं तरी नाक जागं होतं. गाड्यांवर तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या मिळतात. सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर पोरंपोरी अपेक्षित प्रश्नसंच उघडून उन्हाला बसलेली असतात, आणि त्यांच्या मोजक्या इंग्रजी वाक्यांची घोकंपट्टी दुरून ऐकली तर एखादं भजन चालू आहे असं वाटतं. अर्थाशी कुणाचं देणंघेणं नसतं. मी इंग्रजी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेजला गरज असते तेव्हा मी प्राध्यापक असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणीच नसते. तरी या पायऱ्यांवरून जाताना मला जे दिसतं ते मी सांगणारच.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीत ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द घुसला. त्या शब्दाला पुरावा हवा होता, म्हणून कुठल्याशा एजंटामार्फत आफ्रिकेतून चार-पाच विद्यार्थी आणले गेले. त्यांतली एक चिसोमो. मलावी नावाच्या छोट्या देशातली, मोठ्या तळ्याकाठच्या एका गावातली. वय पंचविशीच्या आसपास, अंगानं उंच, आवाज खालच्या पट्टीतला आणि शांत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करायला आली होती. तिच्या गावच्या दवाखान्यात पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा उघडणार होती आणि ती चालवायचं काम हिच्याकडे येणार होतं. आमची हिवाळी परीक्षा असते, तेव्हा त्यांच्याकडे पावसाळा सुरू होतो. पावसाबरोबर कॉलरा येतो. तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. “मला एवढंच शिकायचंय,” ती सगळ्यांना सांगायची, “बाटलीतलं पाणी पिण्यासारखं आहे की नाही, ते खात्रीनं सांगता आलं पाहिजे.”

तिला खोली कुणी देईना. फोनवर खोली रिकामी असायची आणि दारात चिसोमो उभी राहिली, की तिथं अचानक मालकाचा भाचा राहायला येणार असायचा. शेवटी ती वानखडे काकूंकडे राहिली. काकू सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, मागं दोन खोल्या भाड्याच्या. मी त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहते, म्हणून चिसोमोला घेऊन मीच गेले होते. मी जरा आढेवेढे घेत विचारलं, तर काकू म्हणाल्या, “काहून लाजून राह्यल्या मॅडम? मी नोकरीले लागलो तवा आमाले कोनी खोली देत होतं का या गावात? आडनाव सांगतलं का दार बंद. मले माहीत हाये दारात उभं राह्यनं काय असते थे. ये वं पोरी, अंदर ये.”

काकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि चिसोमोला मराठी. दोघींचं कुठं अडलेलं मी पाहिलं नाही. काकूंना तिचं नाव लांब वाटलं, म्हणून त्या ‘सोमी’ म्हणायच्या. एकदा संध्याकाळी गेले, तर ज्वारीच्या कण्या आणि दाण्याचा कूट घातलेली अंबाडीची भाजी पुढ्यात घेऊन चिसोमो रडत होती. घरी मक्याच्या पिठाचं असंच घट्ट काहीतरी करतात म्हणे, आणि पालेभाजीत दाण्याचा कूट तिच्या आईचाही असतो. काकूंना कळेचना, की भाजी तिखट झाली की काय. मी समजावलं, तेव्हा त्यांनी तिच्या ताटात आणखी वाढलं. एखाद्या जागेनं माणसाला समाधान द्यायचं म्हणजे काय करायचं, असं मला विचारलं तर मी ते ताट दाखवीन.

कॉलेजमध्ये मात्र असं ताट कुणी वाढलं नाही.

आमच्याकडे विज्ञानाचे वर्ग इंग्रजीत चालतात, असं माहितीपुस्तकात छापलेलं आहे. प्रत्यक्षात सर इंग्रजीत दोन वाक्यं सांगतात, पोरं ती उतरवून घेतात, आणि मग “म्हणजे काय बरं का,” असं म्हणून सगळा विषय वऱ्हाडीत उलगडतो. यात वाईट काहीच नाही. उलट तेव्हाच पोरांच्या डोळ्यांत प्रकाश येतो. पण वर्गात एक मुलगी अशी बसलेली होती, जिच्यासाठी त्या दोन वाक्यांनंतर तास संपत होता. ती हात वर करून विचारायची, “सर, हे इंग्रजीत सांगाल का?” विभागप्रमुख इंगोले सर तोंडभर हसून म्हणायचे, “यस यस, ऑफ कोर्स,” आणि पुन्हा वऱ्हाडीत सुरू व्हायचे.

इंगोले सर वाईट माणूस नाहीत, हीच तर पंचाईत. आपल्या बागेतल्या संत्र्यांची पेटी त्यांनी चिसोमोला स्वतः आणून दिली होती. पोरांच्या अडीअडचणीला धावून जाणारे, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले पोचणारे. पण ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले, आणि इंग्रजी या गोष्टीनं त्यांचा आयुष्यभर अपमान केलेला. त्यांना चिसोमोचे उच्चार कळत नसत. “पुन्हा सांग” म्हणावं, तर बाजूला बसलेली पोरं काय म्हणतील? म्हणून ते मान डोलवायचे. आमच्याकडे हे सगळेच करतात. इंग्रजी बोलणारा समोर आला, की समजो न समजो, हसायचं, मान डोलवायची, “यस यस, नो प्रॉब्लेम” म्हणायचं आणि तो जाईपर्यंत श्वास रोखून धरायचा. कळलं नाही, हे कबूल करण्यापेक्षा हो म्हणून टाकणं सोपं. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हे संस्कार वर आहेतच. चिसोमो बिचारी त्या ‘यस’ला ‘यस’ समजत होती. प्रयोगशाळेत स्वतः काम करायला मिळेल का? यस. कधी? यस यस. ती दुसऱ्या दिवशी पांढरा कोट घालून बंद दारासमोर उभी राहायची.

मग विभागाच्या बैठकीत निष्कर्ष निघाला, की या मुलीचं इंग्रजी कच्चं आहे. मी स्वतः ऐकलं हे. ती काय बोलते ते कुणालाच समजत नाही, तेव्हा दोष तिचाच असणार. शाळेच्या वरच्या वर्गांपासून सगळं शिक्षण इंग्रजीत झालेली मुलगी, इंगोले सरांच्या सहीनं माझ्या ‘इंग्रजी सुधार वर्गा’त येऊन बसली. पहिल्या दिवशी मी फळ्यावर काळाचे प्रकार लिहीत होते. तास संपल्यावर ती म्हणाली, “मॅडम, तुमचा वर्ग मला आवडला. इथं येऊन पहिल्यांदाच मला एक तास पूर्ण कळला.” टोमणा नव्हता तो. तिला टोमणे मारता येत नसत, आणि म्हणून मला अधिकच लाज वाटली आमच्या सगळ्यांची.

त्यानंतर तिला काळ शिकवायचं नाटक मी केलं नाही. माझी मैत्रीण सुनंदा अकोल्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. रविवारी नाही, चांगल्या कामाच्या दिवशी, मी रजा टाकली आणि चिसोमोला घेऊन बसनं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरच्या पुढं खिडकीतून नुसती तूर दिसत होती, पिवळ्या फुलांनी भरलेली. माझं माहेर त्याच भागातल्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि नव्या सुनेचे केस महिन्याभरात राठ होतात. आईकडून एक बाटली भरून घेतली होती, ती चिसोमोनं बसमध्ये मांडीवर धरून ठेवली होती. मध्येच झाकण उघडून तिनं एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “यात काय आहे ते जीभच सांगते,” ती म्हणाली. “आमच्या पाण्याचं तसं नाही. ते गोड लागतं.”

सुनंदानं तिला दिवसभर हाताशी घेतलं. थोडं इंग्रजी, थोडी हिंदी, बाकी हातवारे. बाटली कशी निर्जंतुक करायची, नमुना कसा घ्यायचा, जंतूंची वाढ कशी मोजायची. चिसोमोनं एकच कृती पुन्हा पुन्हा केली. चुकली, की सुनंदा सरळ सांगायची, “गलत. फिर से.” कुणीतरी आपल्याला चूक म्हणतंय, याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. निघताना सुनंदा म्हणाली, “पोरगी हुशार हाये. पन एका दिवसात हात बसत नाई. महिनाभर पाठव. फक्त कॉलेजची परवानगी पाह्यजे, तिच्याबिगर आमचे साहेब उभं करनार नाईत.”

परतीच्या बसमध्ये चिसोमो गाणं गुणगुणत होती. तिच्या भाषेतलं, मला न कळणारं. बाहेर अंधारून आलं होतं आणि तिनं काचेवर डोकं टेकवलं होतं. मला वाटलं होतं, आता सगळं जमेल.

परवानगी मागायला ती इंगोले सरांकडे गेली. यस यस, नो प्रॉब्लेम. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. यस, शुअर. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले आणि मराठीत विचारलं. सरांनी दार लावून घेतलं. “मॅडम, तुमी पन कमाल करता. तपासनीची कमिटी येऊन राह्यली. आपली पोरगी अकोल्याले शिकाले गेली हे त्याईले समजलं, तर विचारतील ना, तुमच्या इथं प्रयोगशाळा नाई काय? कमिटी जाऊ द्या. मंग पाहू.”

“सर, मग तिला तसं सांगा ना. ती रोज वाट बघते.”

“सांगतो ना,” ते म्हणाले. पण त्यांनी सांगितलं नाही. मी तिला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना. सरांनी तर ‘यस’ म्हटलंय, मॅडम.

कमिटी आली ती ऐन हिवाळी परीक्षेच्या तोंडावर. चिसोमोचा प्रवेश वर्षाच्या मध्येच झाला होता, म्हणून तिची ही शेवटची परीक्षा होती. कॉलेजला रंग लागला. प्रयोगशाळेचं दार उघडलं, कपाटातले सूक्ष्मदर्शक बाहेर आले, त्यांच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण त्याच दिवशी फाडलं. परदेशी विद्यार्थ्यांनी मराठी पोशाखात स्वागत करावं असं ठरलं. चिसोमोला नऊवारी नेसवायची होती. काकूंनी आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं आणि तिला नेसवता नेसवता मला म्हणाल्या, “लुगडं मी नेसवून देतो. पन तिथं काय बोलाचं थे तिचं तिले बोलू द्या. पढवू नका कोनी.”

पढवलं होतंच. ‘आय अ‍ॅम हॅपी, आय अ‍ॅम सॅटिस्फाइड, थँक यू कॉलेज.’ इंगोले सरांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

सभागृहात समोर कमिटी बसली. अध्यक्ष म्हणजे फेटा बांधलेले वयस्कर गृहस्थ, बाजूला आणखी दोघं आणि एक बाई. एक पोरगा मोबाइलवर चित्रीकरण करत होता. अध्यक्षांनी हसून विचारलं, “आर यू सॅटिस्फाइड विथ द कॉलेज?” चिसोमो हिरव्या लुगड्यात सरळ उभी राहिली. तिचं बोलणं मला अजून तोंडपाठ आहे. ती म्हणाली, “सर, या शहरात मी सुखी आहे. एका घरानं मला मुलगी मानलंय. पण या कॉलेजनं मला काही शिकवलेलं नाही. वर्ग मला न कळणाऱ्या भाषेत चालतात. ही प्रयोगशाळा मी आज पहिल्यांदा उघडी पाहिली. मला पाणी तपासायला शिकायचंय, कारण माझ्या गावात लोक पाण्यानं मरतात. अकोल्यात मला शिकवायला तयार आहेत. कृपा करून मला जाऊ द्या.”

हे सगळं ती तिच्या शांत आवाजात, हात जोडून बोलली. अध्यक्ष सुरुवातीपासून शेवटपर्यंत मान डोलवत होते. ती थांबली, तेव्हा ते म्हणाले, “व्हेरी गुड! एक्सलंट! ब्यूटिफुल साडी!” आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. इंगोले सरांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. मुलीनं पाठ केलेलं नीट म्हटलं, एवढंच त्यांना समजलं होतं.

मी मागच्या रांगेत उठून उभी राहिले. “सर, ती असं म्हणतेय की...”

“मॅडम,” इंगोले सर गडबडीनं म्हणाले, “जरा चहाचं पाहता काय?”

चहाच्या वेळी मी त्या कमिटीतल्या बाईंना गाठलं. त्यांना सगळं कळलंय याची मला खात्री होती, चिसोमो बोलत असताना त्यांचं पेन थबकलेलं मी पाहिलं होतं. बाई पोहे खात होत्या. म्हणाल्या, “मला कळलं हो सगळं. पण मी लिहू कुठं? परदेशी विद्यार्थ्यांपुढं दोनच रकाने आहेत, समाधानी आणि अत्यंत समाधानी. मी ‘समाधानी’वर खूण केलीय, ‘अत्यंत’ नाही केली.” त्यांनी आपल्या परीनं बंड केलं होतं. मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं, कारण मी चहाचं पाहत होते.

कमिटी गेली. प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप लागलं, आणि ‘मंग पाहू’ म्हणणाऱ्यांना परीक्षेचं निमित्त मिळालं. प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चिसोमोला नाव विचारलं, देश विचारला, भारत कसा वाटला ते विचारलं आणि गुण देऊन टाकले. लेखी पेपर तिनं उत्तम लिहिले. पुस्तकं ती रात्रंदिवस वाचायची, त्यामुळे काय करायला हवं हे तिला सगळं माहीत होतं. निकालात प्रथम श्रेणी आली. ती गुणपत्रिका घेऊन थेट इंगोले सरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, मला पास करू नका. मला अजून सहा महिने ठेवा. प्रात्यक्षिक पुन्हा करू द्या.” सरांनी मला बोलावून घेतलं. ते खरोखर हवालदिल झाले होते. “मॅडम, समजावा हो हिले. फर्स्ट क्लास आला ना बापा! मंग काहून रडून राह्यली थे?”

मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. त्याचा उपयोग काहीच झाला नाही, पुढच्या सत्रात माझे तास तेवढे कमी झाले. तिचा व्हिसा संपत आला होता. काकूंनी तिला बडनेऱ्याला गाडीत बसवलं तेव्हा पिशवीत ज्वारीच्या कण्या बांधून दिल्या आणि “पोचली का फोन कर वं माय,” एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर त्या दोन दिवस मागच्या खोलीत झाडायला गेल्या नाहीत.

लोक मला म्हणतात, एवढं काय त्यात, पदवी तर मिळाली ना. या म्हणण्याचा मला संताप येतो. आपल्या पोरांनाही आपण हेच देत आलो आहोत, ती बोलत नाहीत एवढंच. परक्या देशातून एक मुलगी आली आणि तिनं भर सभेत, हात जोडून, अतिशय चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की मला शिकवा. आपण तिच्या साडीचं कौतुक केलं. आता तिचं ते चित्रीकरण कॉलेजच्या जाहिरातीत फिरतं. तिचा आवाज काढून त्यावर सनई टाकली आहे. ओठ हलताना दिसतात, जोडलेले हात दिसतात, आणि खाली लिहिलेलं येतं, ‘आमची समाधानी विद्यार्थिनी’.

यंदा वेळापत्रक लागलं त्याच आठवड्यात चिसोमोचा फोन आला. तिकडे पावसाळा सुरू झाला होता आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. प्रयोगशाळा उघडली आहे. भिंतीवर आमच्या कॉलेजची पदवी चौकटीत लावली आहे, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनीच लावली. लोक लांबून बाटल्या घेऊन येतात. “मी तपासते मॅडम,” ती म्हणाली. “उत्तर येतं. पण ते बरोबर आहे की माझ्या हातून काही चुकलंय, हे मला कळत नाही. विचारायला इथं कुणी नाही. मग मी सगळ्यांना एकच सांगते, पाणी उकळून प्या.”

मी म्हटलं, ठीक आहे ना, उकळलेलं केव्हाही चांगलंच.

ती म्हणाली, आदल्या दिवशी एक म्हातारी आली होती, नातवाला पाठीला बांधून, डोंगरापलीकडून चालत. तिलाही हिनं तेच सांगितलं. म्हातारी म्हणाली, “पोरी, सगळं भिजलंय. चुलीला वाळलं लाकूड मिळत असतं, तर मी एवढी चालत तुला विचारायला आले असते का? हे पाणी याला पाजू की नको, तेवढं सांग.”

“मग काय सांगितलंस तू?” मी विचारलं.

पाऊस वाजत होता. चिसोमो म्हणाली, “मला माहीत नाही असं सांगितलं. खरं तेच सांगितलं, मॅडम. ती भिंतीवरच्या पदवीकडे बघत उभी राहिली. मग पोर रडायला लागलं, तेव्हा तिनं त्याच बाटलीतलं पाणी त्याला पाजलं.”